वेटेलचा शेवट निराशेचा नव्हता

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सोमवार, २१ नोव्हेंबरच्या अंकातलं क्रीडा पान मी सवयीप्रमाणे कंपनीच्या बसमध्ये वाचलं. सूर्यकुमारने न्यूझीलंडमध्ये ५१ चेंडूंत नाबाद १११ ठोकले, त्याला वरचं अर्धं पान. ते रास्तच. कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात इक्वेडोरने यजमानांना २-० असं गुंडाळलं, तेही यायलाच हवं. बेळगावात फुटबॉलवेड्यांची कमी नाही. या सगळ्याच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, एका जाहिरातीच्या डोक्यावर चार ओळी होत्या. फॉर्म्युला वन मोटार शर्यतीतला सेबास्टियन वेटेल निवृत्त झाला, चार वेळच्या या विश्वविजेत्याला अबुधाबीच्या अखेरच्या शर्यतीत दहाव्या स्थानावर समाधान मानावं लागलं आणि कारकिर्दीचा शेवट निराशाजनक ठरला.

जागा कमी दिली म्हणून मी भांडायला आलेलो नाही. पहिल्या पानापासून सीमाप्रश्नाच्या सुनावणीची धामधूम असताना जर्मनीच्या गाडीवाल्याला चार ओळी मिळाल्या, हेच खूप. पण 'निराशाजनक' हा जो निकाल आपल्या बातमीने देऊन टाकला, तो मला पटलेला नाही. आपल्याच अंकात आसपासच्या गावांतल्या गाडा शर्यतीची बातमी येते तेव्हा बैलजोडीच्या मालकाचं नाव, गाव, नंबर, बक्षीस सगळं तपशिलाने असतं, आणि दहाव्या आलेल्या जोडीला कुणी निराश म्हणत नाही. तेवढाच न्याय या माणसालाही मिळावा.

मी उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. मशीनवरून जॉब आला की तो मायक्रोमीटरला लावायचा, बोअर गेज घालून बघायचा, मापात असेल तर पुढे, नसेल तर लाल रंगाचा पट्टा मारून बाजूला. दिवसभर मायक्रॉनचा हिशेब. अशा माणसाला फॉर्म्युला वनचं वेड का लागावं, हे आमच्या सौभाग्यवतींना आजवर उमगलेलं नाही. 'गोल गोल फिरतात आणि फिरून तिथंच येतात, त्यात काय ते बघायचं?' हे तिचं मत. पण आमच्या शॉपमध्ये हे वेड बऱ्याच जणांना आहे. क्रँकशाफ्ट, पिस्टन, व्हॉल्व्ह ही ज्यांची रोजची भाकरी, त्यांना मिनिटाला पंधरा हजार फेरे घेऊ शकणारं इंजिन म्हणजे काय चीज आहे, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्यात एक कानडी दोस्त आहे, सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, सेटर. तो पक्का अलोन्सोवाला, म्हणजे फर्नांडो अलोन्सो या ड्रायव्हरचा भक्त. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो वेर्स्टापनचा. वेटेलचा म्हणाल तर बरीच वर्षं मी एकटाच. कारण वेटेल जिंकत होता तेव्हा तो कुणालाच आवडत नव्हता.

हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही. २०१० ते २०१३ अशी चार वर्षं सलग विजेतेपद. त्यातली २०१० आणि २०१२ ही दोन त्याने अलोन्सोच्या तोंडातून काढली. २०१२ ला साओ पाउलोला पहिल्याच फेरीत धडक बसून गाडी उलट्या तोंडाने उभी राहिली, सगळे पुढे निघून गेले, तिथून तो सहावा आला आणि वर्षाचं विजेतेपद तीन गुणांनी जिंकला. (त्या दिवशी शूमाखरची शेवटची शर्यत होती, आणि सहाव्या जागेसाठी त्याने आपल्या या जर्मन देशबांधवाला वाट करून दिली. एक जाणारा माणूस कसा जातो, ते तेव्हाच बघून ठेवलं होतं.) आमचा दोस्त तेव्हा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर.

२०१३ ला तर कहरच झाला. मलेशियात टीमने 'पुढच्याला पुढे राहू दे' असं सांगितलेलं असताना वेटेलने स्वतःच्याच जोडीदाराला, वेबरला, मागे टाकलं आणि शर्यत मारली. त्यानंतर मोंझाला, सिंगापूरला तो पोडियमवर उभा राहिला की खालून हुर्यो. तो जिंकत होता आणि लोक ओरडत होते. बेल्जियमपासून ब्राझीलपर्यंत ओळीने नऊ शर्यती त्याने जिंकल्या, पण टीव्हीवर ते बघणाऱ्यांची तोंडं आंबट. आमच्या शॉपमध्येही तेच. 'परत हाच? मग बघायचं कशाला?' शेवटच्या पानापर्यंत ठाऊक असलेली गोष्ट कोण वाचणार, हा मुद्दा मला कळत होता. पण गाडी चांगली आहे म्हणून तो जिंकतो, हे म्हणणं मी कधी मान्य केलं नाही. २००८ साली मोंझाला भर पावसात, टोरो रोसोसारख्या मागच्या बाकावरच्या टीमची गाडी घेऊन, एकवीस वर्षांच्या पोराने पोल, म्हणजे सगळ्यांच्या पुढून निघायची जागा, घेतली आणि शर्यतही जिंकली होती. त्या दिवशी गाडी कुठली चांगली होती?

त्याच २०१३ च्या ऑक्टोबरात मी ग्रेटर नोएडाला शर्यत बघायला जाऊन आलो. दिवाळी तोंडावर, डिस्पॅचची घाई, रजा मागताना सुपरवायझरने बघितलं ते असं, की जणू मी त्याचीच किडनी मागतोय. गोवा एक्स्प्रेस बेळगावात धरायची, दोन रात्री डब्यात काढायच्या आणि निजामुद्दीनला उतरायचं. सोबत अर्थात तो अलोन्सोवाला. आमची तिकिटं स्वस्तातली, मेन स्टँडपासून लांब. कानात बोळे घालून बसलो होतो, तरी गाड्या समोरून गेल्या की छातीत धडधड व्हायची. वेटेलने तिथल्या पहिल्या दोन्ही शर्यती, २०११ आणि २०१२ च्या, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत पुढे राहून जिंकल्या होत्या. ही तिसरीही त्यानेच मारली आणि चौथं विजेतेपद तिथंच पक्कं केलं.

शर्यत संपल्यावर नियम असा, की गाड्या गुमान ठरलेल्या जागी नेऊन लावायच्या. आम्हाला आधी मेन स्टँडच्या बाजूला पांढरा धूर दिसला. दोस्त म्हणाला, 'इंजिन गेलं!' त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. मग मोठ्या पडद्यावर दिसलं. वेटेल स्टँडसमोर गाडी जागच्या जागी गरागरा फिरवत होता, मागच्या टायरांचा नुसता धुरळा. मग तो उतरला आणि गाडीसमोर गुडघे टेकून, कपाळ खाली नेऊन त्याने तिला नमस्कार घातला. दसऱ्याला आपण मशीनला हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, हात जोडतो. हेपनहाइमच्या माणसाला हे कुणी शिकवलं, कोण जाणे. आमच्या स्टँडात शेजारी बसलेले पंजाबी, तामिळ, बिहारी, सगळे उठून उभे राहिले. हुर्यो करणारा तिथं कुणी नव्हता. या प्रकाराबद्दल टीमला २५ हजार युरो दंड झाला आणि वेटेलला समज मिळाली. त्या वर्षानंतर भारतात फॉर्म्युला वनची शर्यतच झाली नाही. म्हणजे आपल्या देशात झालेल्या तिन्ही शर्यती एकट्या वेटेलच्या नावावर आहेत. आपल्या चार ओळींत निदान हे यायला हवं होतं.

इथपर्यंत झाला तो जिंकणारा वेटेल. लोकांनी ज्याच्यासाठी परवा डोळे पुसले तो हा नव्हे. तो त्यानंतरचा.

२०१५ ला तो फेरारीत गेला. तिथं १४ शर्यती जिंकला, पण ज्यासाठी गेला होता ते विजेतेपद काही मिळालं नाही. २२ जुलै २०१८ चा दिवस मला चांगला आठवतो. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती, घरात साबुदाणा भिजत घालायचं चाललं होतं, बाहेर आपला बेळगावी पाऊस. तिकडे हॉकेनहाइमलाही पाऊस भुरभुरायला लागलेला. वेटेलच्या घराजवळचा ट्रॅक, आणि तो पहिला. विजेतेपदाच्या यादीतही पहिला. आणि एका साध्या वळणावर, फार वेगातही नसताना, गाडी ओल्या रस्त्यावरून सरळ गेली, खडी ओलांडून कडेच्या भिंतीला लागली. स्टिअरिंगवर त्याने हात आपटले ते आत बसवलेल्या कॅमेऱ्यात दिसलं, रेडिओवर आवाज रडवेला झालेला. टीमची माफी मागत होता. चौदाव्या जागेवरून निघालेला त्याचा प्रतिस्पर्धी हॅमिल्टन ती शर्यत जिंकला. मी टीव्ही बंद केला. दोस्ताचा फोन आला. मला वाटलं, आता हा चिडवणार. तो एवढंच म्हणाला, 'होगली बिडू.' जाऊ दे, सोड. चार वर्षं जिंकून जे जमलं नव्हतं, ते त्या एका चुकीने जमलं, आमच्या शॉपमध्ये वेटेलबद्दल पहिल्यांदा कुणी बरं बोललं.

पुढचा उतार आपल्याला ठाऊक आहे. २०१९ ला सिंगापूरला शेवटचा विजय, त्रेपन्नावा. २०२० चा मोसम सुरू व्हायच्या आधीच फेरारीने 'पुढच्या वर्षी तुम्ही नको' हे फोनवरून कळवलं. मग दोन वर्षं अ‍ॅस्टन मार्टिनची हिरवी गाडी. त्या गाडीत जिंकायचं बळ नव्हतं, दोन्ही वर्षं तो बारावा राहिला. पण मला विचाराल तर तो सगळ्यात बघण्यासारखा झाला तो याच दोन वर्षांत.

२०२१ ची हंगेरीची शर्यत घ्या. दुसरा आला. एवढ्या साध्या गाडीतून दुसरा! मग तपासणीत असं निघालं, की टाकीतून नमुन्याला एक लिटर इंधन निघायला हवं, ते ०.३ लिटरच निघालं. अपात्र. १८ गुण गेले. पुतण्या म्हणाला, 'काका, अन्याय आहे हा.' मी म्हटलं, अजिबात नाही. एक लिटर म्हणजे एक लिटर. ड्रॉइंगवर लिहिलंय ते माप, त्याच्या बाहेर गेला की जॉब कितीही चकाचक असो, लाल पट्टा. मी तिथं असतो तर मीही रिजेक्टच केला असता, वेटेलचा असूनही. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला शर्यत संपल्यावर बाकीचे विमान पकडायला पळाले आणि हा हातमोजे घालून स्टँडमधल्या बाटल्या, कागद गोळा करत होता. चार वेळचा विश्वविजेता! गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तलावाकाठी जो कचरा असतो तो उचलायला आपले किती पुढारी येतात, ते मी इथं विचारत नाही.

त्याच्यावर टीका झाली ती याच गोष्टीवरून. पेट्रोल जाळून पोट भरतो आणि पर्यावरणाच्या गप्पा मारतो. छातीवर सौदीच्या तेल कंपनीचं नाव, आणि टी-शर्टवर समुद्राची पातळी वाढण्याचा इशारा. आमच्या दोस्तालाही हे ढोंग वाटायचं. बीबीसीच्या एका कार्यक्रमात वेटेलला हे तोंडावर विचारलं, तेव्हा त्याने आढेवेढे घेतले नाहीत, हो, यात दुटप्पीपणा आहे, असं मान्य केलं. मला ते उत्तर पुरेसं वाटलं. कारण मीही फौंड्रीच्या जिवावर जगणारा माणूस आहे. आमच्या कास्टिंगचा धूर कुठे जातो, ते मला ठाऊक आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शहापूर-वडगाव शिवारातल्या भातात घुसतं तेव्हा माझ्या भावकीतल्या माणसांचं पीक कुजतं, आणि नाल्यात टाकलेल्या कचऱ्यात आमच्याच गल्लीचा वाटा असतो. मग काय, ज्याचे हात काळे त्याने बोलूच नये? तसं ठरलं तर उद्यमबागेत, किंबहुना अख्ख्या बेळगावात, बोलायला कुणी उरायचं नाही.

मग यंदाच्या २८ जुलैची दुपार. ज्या माणसाने जन्मात इन्स्टाग्राम वापरलं नाही, त्याने खातं उघडलं आणि काळ्या-पांढऱ्या व्हिडिओत सांगून टाकलं, की या मोसमाच्या अखेरीला मी थांबतोय. पुतण्याने तो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. मी तो शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर उभा राहून बघितला. वय झालं, गाडी चांगली नाही, टीम ऐकत नाही, यातलं काहीच त्याने पुढे केलं नाही. मुलं मोठी होताना बघायची आहेत, शर्यतीला जो वेळ आणि जीव लागतो तो आता तिकडे द्यायचाय, असं स्वच्छ कारण दिलं. याच वेटेलने मुलांचे फोटो कधी कुणाला दाखवले नाहीत, घर कायम पडद्याआड ठेवलं. आमच्यात माणसं रिटायर होतात ती अठ्ठावन्नला, नारळ आणि शाल घेऊन, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यात पार्टटाइम लागतात. घर बघायचंय म्हणून पस्तिशीत चालू गाडी सोडणारा पुरुष मी तरी आमच्या भागात बघितलेला नाही. बायकांना मात्र हे रोज करावं लागतं आणि त्याची बातमी होत नाही, हे आमच्या घरातून लगेच ऐकवण्यात आलं. तेही खरंच आहे.

चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, जाहीर झालं की त्याच्या जागी अलोन्सो येणार. पस्तीस वर्षांचा उठला आणि त्याच्या सीटवर एक्केचाळीस वर्षांचा बसणार! दोस्ताने दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये कुंदा आणला. 'तुझा उठला, माझा बसला,' म्हणत सगळ्यांना वाटला. मी दोनदा घेतला. आमचं भांडण तिथून सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, ज्याच्यात रग आहे तो कशाला थांबेल? वेटेल थकला, इतकंच. माझं म्हणणं, थकलेला माणूस शेवटच्या शर्यतीत तसा गाडी मारत नाही.

आणि ती शर्यत आम्ही सगळ्यांनी आमच्या घरी मिळून बघितली. संध्याकाळी साडेसहाला सुरू. तो नववा निघाला होता. पहिल्या काही फेऱ्यांत ओकॉनच्या मागे असा लागला, की विशीतला पोरगा वाटावा. मग टीमने त्याला टायर बदलायला उशिरा बोलावलं, पुढच्या गाड्या हातच्या गेल्या, आणि खाली घसरलेला तो पुन्हा एकेक करत वर आला. (मध्येच हॅमिल्टनची गाडी हायड्रॉलिकच्या बिघाडाने बंद पडली. आमच्या शॉपमधले सगळे एकदम पुढे सरकले आणि सील गेलं की पंप गेला, यावर पाच मिनिटं चर्चा झाली. शर्यत तिकडे चाललेली.) शेवटच्या फेरीत वेटेल नवव्या जागेवरच्या रिकार्डोच्या शेपटीला होता. त्यालाही पुढच्या वर्षी गाडी नाही. वेटेल नववा होता होता राहिला. दहावा. एक गुण.

त्या एका गुणाने अ‍ॅस्टन मार्टिनचे ५५ गुण झाले, अल्फा रोमिओ या टीमचेही ५५. गुण सारखे असले की मोसमात ज्याचा वरचा नंबर आला तो पुढे, केवळ या हिशेबात टीमच्या यादीतली सहावी जागा अल्फाला गेली. आणखी एक गाडी मागे टाकली असती तर टीमला ती जागा मिळत होती, आणि त्यासाठी हा माणूस कारकिर्दीच्या शेवटच्या फेरीपर्यंत झटत होता. निराश माणूस असं करतो का? शिवाय जून २००७ मध्ये इंडियानापोलिसला, कुबिका या ड्रायव्हरला अपघात झाला म्हणून ऐनवेळी गाडीत बसवलेला एकोणीस वर्षांचा वेटेल आठवा आला होता. तेव्हाच्या नियमाने आठव्याला एक गुण. म्हणजे पहिल्या शर्यतीतही एक आणि शेवटच्याही शर्यतीत एक. त्या दोन गुणांच्या मध्ये ५३ विजय आणि ५७ पोल आहेत. हे आकडे बातमीत नव्हते, म्हणून इथं दिले.

शर्यतीनंतर त्याने मेन स्ट्रेटवर गाडी पुन्हा गरागरा फिरवली. या वेळी दंड झाला नाही. त्या आठवड्यात वीसच्या वीस ड्रायव्हर हॅमिल्टनच्या पुढाकाराने एका टेबलावर जेवले होते. एरवी एकमेकांना भिंतीत घालायला निघालेली माणसं! आणि अलोन्सोने त्या शर्यतीला वेटेलच्या रंगांचं हेल्मेट घातलं होतं. ते पडद्यावर दिसलं तेव्हा मी दोस्ताकडे बघितलं. त्याने चहा मागितला.

संपादक महाशय, एक विनंती. पुढच्या मोसमाची पहिली शर्यत ५ मार्चला बहरीनला आहे. क्रीडा पानावर शर्यतीच्या आदल्या दिवशी भारतीय वेळ छापता आली तर बघा, दोन ओळी पुरेत. शिफ्ट बदलून घ्यायची असेल तर आम्हाला चार दिवस आधी सांगावं लागतं, आणि आमच्या सुपरवायझरला मोबाइलवर दाखवलेली वेळ पटत नाही. पेपरात छापलेली पटते. आता हिरव्या गाडीत अलोन्सो असेल, तेव्हा मला तिला पाठिंबा द्यायचा असेल तर दोस्ताच्या शेजारी बसूनच द्यावा लागणार, अशी त्याने अट घातली आहे. त्याचा विचार मी मार्चपर्यंत करीन.

आपला,
एक नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव
२३ नोव्हेंबर २०२२